ग्राफ खरा की पेशंट खरा?

विदर्भातल्या एका शहरातून एका वाचक मैत्रिणीचा लांबलचक मेल आलाय, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. वय २९, हॉस्पिटलच्या न्यूरो विभागात ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या विजेचा ग्राफ काढतात तो) टेक्निशियन. नोकरी सांभाळून बाहेरून तत्त्वज्ञानात एमए करतेय आणि त्यात फेनॉमेनॉलॉजीचा पेपर आल्यापासून पार झपाटलीये. (ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : एखादी गोष्ट अनुभव घेणाऱ्याला कशी जाणवते, त्या जाणवण्याची घडण काय, हे कारणांच्या मागे न लागता बारकाईने मांडायची पद्धत. एडमुंड हुसेर्लने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली.) फिट येणारे पेशंट तिच्याकडे येतात, डोक्याला पेस्ट लावता लावता बोलतात, "पोटातून काहीतरी वर चढतं", "हे सगळं आधी झालंय असं वाटतं", आणि घरी गेल्यावर ती हे एका वहीत लिहून ठेवते. नवीन आलेल्या डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, आपल्याला वेव्ह हव्यात, गोष्टी नकोत. एमएच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मेंदूच्या रेघांत अनुभव शोधणंच मुळात चूक, नोकरी सोड आणि पूर्णवेळ पीएचडी कर. घरी वडील रिटायर झालेत, पगाराची गरज आहे. तिचा प्रश्न : दोघांपैकी बरोबर कोण? पेशंटच्या सांगण्यावर सायन्स उभं राहू शकतं का? आणि मी हे असं दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस काढू?

---

तुला तू म्हणते, चालेल ना.

तुझा मेल वाचताना सारखं वाटत होतं की दोघं आपापल्या खुर्चीतून बोलतायत आणि भांडण मात्र तुझ्या डोक्यात चाललंय. त्यामुळे बरोबर कोण हे नंतर बघू, आधी हा प्रश्न असा उभा केला कोणी ते बघू, कारण तू जो फॉर्म रोज भरतेस किंवा निदान रोज बघतेस त्यातच त्याचं निम्मं उत्तर आहे.

फिटच्या हिस्ट्रीत एक प्रश्न असतोच असतो, फिटच्या वेळी शुद्ध होती का. त्याचं उत्तर ग्राफच्या कुठल्या चॅनलवर येतं? कुठल्याच नाही. ते पेशंट सांगतो आणि सोबतचं माणूस सांगतं. जगभरच्या एपिलेप्सीवाल्या डॉक्टरांची जी संघटना आहे, आयएलएई, तिने २०१७ च्या वर्गीकरणात फोकल (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या) फिटचे दोन भाग केले ते याच मुद्द्यावर, पेशंटला भान होतं की भान बिघडलं होतं. मग २०२५ मध्ये त्यात सुधारणा केली आणि सरळ 'कॉन्शसनेस' हाच शब्द परत आणला, आणि तो तपासायला दोन गोष्टी धरल्या : नंतर आठवतं का, आणि त्या वेळी बोलावलं तर प्रतिसाद देत होता का. म्हणजे वेव्ह बघा म्हणणारे तुझे डॉक्टर सुद्धा डायग्नोसिस लिहिताना कोणाच्या तरी सांगण्यावरच टेकतात. ते वाईट डॉक्टर आहेत असं अजिबात नाही हं, त्यांना ओपीडीत दर पेशंटमागे मोजकी मिनिटं मिळतात आणि "गोष्टी" ऐकत बसलं तर बाहेरची रांग हलत नाही. पण एपिलेप्सी असूनही पहिला ईईजी नॉर्मल आला असे पेशंट तू कितीतरी पाहिले असशील, तेव्हा तेच डॉक्टर परत हिस्ट्रीकडेच वळतात ना?

आणि ईईजीचा स्वतःचा जन्म तरी बघ. हान्स बर्गर नावाचा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ, येना गावचा, १९२९ मध्ये त्याने माणसाच्या ईईजीवरचा पहिला पेपर छापला. (हा गृहस्थ मुळात टेलिपथीच्या नादाने या वाटेला लागला होता, सायन्सचा इतिहास काही फार सोवळा नसतो.) डोळे मिटले की जी ठाशीव लय येते आणि उघडले की विरते, जी तू रोज "डोळे मिटा, उघडा आता" म्हणत काढतेस, ती त्याचीच. त्या लयीला अर्थ कशामुळे आला? समोर जागा माणूस होता, तो कधी शांत पडलेला असायचा आणि कधी कशाकडे तरी लक्ष देत असायचा, आणि कागदावर दोन्ही वेगळं दिसत होतं म्हणून. नुसत्या रेघेला स्वतःचं काही म्हणणं नसतं.

आता तुला एक जुनी केस सांगते, तुझ्या दोन्ही गुरुजनांना पुरून उरेल अशी. लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन म्हणून न्यूरॉलॉजिस्ट होते. त्यांचा एक पेशंट स्वतः डॉक्टर होता, जॅक्सननी त्याला 'डॉक्टर झेड' म्हटलंय. या झेडला लहान लहान फिट यायच्या आणि तो त्या टिपून ठेवायचा, १८७० मध्ये तर त्याने टोपणनावाने त्या छापल्यासुद्धा. त्याचं वर्णन वाचलंस तर तुझ्या वहीतली माणसं आठवतील : जे मनात येतंय ते आधी कधीतरी मनात येऊन गेलंय, विसरलं होतं, आणि आता "हां, तेच हे" म्हणून सापडल्याचं समाधान, पण नेमकं काय सापडलं ते नंतर हाताला लागत नाही.

त्याचा एक प्रसंग जॅक्सननी १८८८ च्या लेखात दिलाय. झेड एका पेशंटची छाती तपासायला गेलेला, स्टेथोस्कोप काढला आणि तेवढ्यात फिट येतेय असं जाणवलं, तेव्हा बोलावं लागू नये म्हणून जरा पाठ फिरवली. पुढची आठवण थेट त्याच खोलीतल्या टेबलाशी बसून दुसऱ्याच माणसाशी बोलत असल्याची. पेशंट गायब. नंतर शोधाशोध केली तर कळलं की मधल्या वेळात त्याने पेशंट तपासला होता, डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं आणि पेशंटला जाऊन झोपायला सांगितलं होतं. मग याने पुन्हा मुद्दाम जाऊन तपासलं, निदान तेच निघालं!

आता मला सांग, त्या वेळी त्याची शुद्ध होती का? प्रतिसाद तर होता, नुसता प्रतिसाद नाही, चक्क अचूक निदान. आठवण शून्य. २०२५ मध्ये आयएलएईने दोन वेगळ्या तपासण्या सांगितल्यात, त्या दोन इथे एकमेकींपासून सरळ फाटतात. आणि झेड गेल्यावर त्याचा मेंदू तपासला गेला, १८९८ मध्ये जॅक्सन आणि कोलमन यांनी तो रिपोर्ट छापला, टेम्पोरल लोबच्या (कानाच्या बाजूचा मेंदूचा भाग) आतल्या बाजूला, डाव्या अनसिनेट गायरस नावाच्या घडीत, एक छोटीशी पोकळी सापडली. तेव्हा ना ईईजी होता ना एमआरआय. माणसाने नीट केलेलं वर्णन आधी आलं, त्या वर्णनामुळे या फिट वेगळ्या जातीच्या आहेत हे ओळखता आलं, आणि मेंदूतली जागा नंतर दिसली. "गोष्टी नकोत" म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

पण थांब, लगेच खूश होऊ नकोस, कारण आता तुझी पाळी. तू मेलमध्ये लिहिलंयस की "माझी वही म्हणजे फेनॉमेनॉलॉजी आणि ईईजी म्हणजे सायन्स". हे मला पटलेलं नाही. पेशंट जे बोलला ते तू उतरवलंस, ते मोलाचं आहे, पण तो अजून कच्चा माल आहे. हुसेर्लला लोकांची आत्मकथनं गोळा करायची नव्हती. तो मूळचा गणितवाला, त्याला घडण हवी होती, या प्रकारच्या अनुभवात काय असतंच असतं, काय बदललं तरी चालतं, हे.

तुझ्याच वहीतलं वाक्य घेऊ, "हे सगळं आधी झालंय असं वाटतं". इथे थांबून विचार, म्हणजे काय वाटतं? एखादी ठराविक जुनी आठवण वर येते का? बहुतेकदा नाही येत. ओळखीचा वास सगळ्या चालू क्षणालाच लागलेला असतो, पंखा, भिंत, बोलणारी बायको, सगळ्याला. आणि त्याच वेळी पेशंटला पक्कं माहीत असतं की हे खरं नाही, मी इथे पहिल्यांदाच आलोय. म्हणजे ओळखीचं वाटणं आणि ओळखीचं नाही हे कळणं, दोन्ही एकाच क्षणात शेजारी शेजारी. बघ, आता हे नुसतं गमतीदार वाक्य उरलं नाही, आता यातून मेंदूवाल्याला विचारण्यासारखा प्रश्न तयार झाला : आठवणीचा मजकूर नसताना नुसता ओळखीचा भाव कुठून येतो, आणि त्याला खोडून काढणारं ते भान शाबूत कसं राहतं?

दुसरं उदाहरण काळाचं. हुसेर्लची काळाच्या जाणिवेवरची १९०५ ची व्याख्यानं तुमच्या पेपरला असतीलच, चालू सूर ऐकताना नुकताच गेलेला सूर अजून धरलेला असतो आणि येणाऱ्याची चाहूल असते, म्हणून चाल ऐकू येते, सुटे सूर नाही. आता मोठ्या फिटमधून उठलेल्या पेशंटला विचार. मधला तुकडा त्याला रिकामा म्हणून जाणवलेला नसतो, तो त्याला जाणवलेलाच नसतो. जीभ चावलीये, शर्ट ओला आहे, घड्याळ पुढे गेलंय, बायको रडतेय, यावरून तो मागाहून हिशोब लावतो की मध्ये काहीतरी गेलं. खंड पडला हे कळणं आणि खंडाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "किती वेळ शुद्ध नव्हती" असा प्रश्न आपण पेशंटला इतक्या सहज विचारतो की जणू तो तिथे बसून मोजत होता.

आता सरांकडे येते. सरांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते डॉक्टरांनाही मान्य करावं लागेल. अमुक अनुभवाच्या वेळी मेंदूत तमुक दिसतं हे कळलं म्हणून अनुभव का असतो हे कळत नाही. १९९८ मध्ये न्यूरोसायंटिस्ट क्रिस्टोफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्यात पैज लागली होती, २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण नक्की सापडेल म्हणून, २०२३ मध्ये कॉखने हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या. हुसेर्लनेही १९११ मध्येच सगळं निसर्गविज्ञानात बसवायच्या हट्टावर टीका केलेली आहे. एवढं सगळं ठीक.

पण यावरून "मेंदूकडे बघूच नका" कसं निघतं? कारणांचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून अनुभवाकडे बघा असं हुसेर्ल म्हणतो, बाजूला ठेवलेलं कायमचं टाकून द्या असं नाही. आणि हुसेर्लच्याच वाटेवरचा फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती, त्याचं काय करायचं? १९४५ चं त्याचं मोठं पुस्तक ज्या केसवर बरंचसं उभं आहे तो श्नायडर पहिल्या महायुद्धात मेंदूला जखम झालेला सैनिक, गेल्ब आणि गोल्डस्टाइन यांनी तपासलेला. डास चावला तर त्याचा हात बरोब्बर त्या जागी जायचा, पण डोळे मिटून "नाक दाखव" म्हटलं तर अडायचा. मेर्लो-पाँतीने न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातलीच केस उचलली आणि शरीर आपल्याला कसं 'असतं' हे त्यातून दाखवलं. सरांना नम्रपणे एवढं विचारून बघ, भांडू नकोस, गाइड व्हायचेत ते कदाचित.

मेंदूवाल्यांकडेही हीच गंमत उलट्या बाजूने आहे. जाणिवेची एक गाजलेली थिअरी आहे, जूलिओ टोनोनीची, इंटिग्रेटेड इन्फॉर्मेशन थिअरी, तिचं छोटं नाव आयआयटी (पवईची नाही हं). ती सुरूच होते अनुभवाच्या गुणांची यादी देऊन, अनुभव एकसंध असतो, नेमका असतो वगैरे, आणि मग तशी रचना मेंदूत कुठे आहे ते शोधते. म्हणजे पायाच अनुभवाच्या वर्णनाचा, आणि ती यादी पुरेशी तपासून केली का यावर तत्त्वज्ञांनी आक्षेप घेतलेत. जाणिवेचं सायन्स करणाऱ्याला अनुभवाचं वर्णन टाळता येतच नाही, फक्त काही जण ते घाईत उरकतात.

मग पेशंटच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही? इथे मात्र डॉक्टरांच्या बाजूने बोलावं लागेल. माणसं स्वतःबद्दल बिनधास्त चुकीचं सांगतात. २००५ मध्ये स्वीडनच्या योहान्सन आणि हॉल वगैरे मंडळींनी एक प्रयोग छापला : दोन फोटो दाखवायचे, जास्त आवडला तो निवडायला सांगायचा, मग हातचलाखीने न निवडलेला हातात द्यायचा आणि हा का आवडला विचारायचं. बहुतेकांना बदल कळला नाही आणि त्यांनी कारणंही दिली, छानपैकी! पण पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. फ्रान्समध्ये क्लेअर पेतिमांजँ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच प्रयोग परत केला, पण काही वेळा कारण विचारायच्या आधी त्या माणसाला निवडीच्या क्षणात शांतपणे परत नेलं, पहिल्यांदा कुठे बघितलंस, मग काय झालं असं. अशी मदत नव्हती तिथे ३३ टक्के वेळा बदल पकडला गेला, मदत होती तिथे ८० टक्के. म्हणजे माणसाला स्वतःचं कळत नाही हे अर्धंच खरं, विचारणाऱ्याला विचारता येत नाही हे उरलेलं.

याच पेतिमांजँबाईंनी एपिलेप्सीच्या पेशंटच्या अशाच मुलाखती घेतल्यात, फिटच्या आधी काय काय जाणवतं यावर, २००७ मध्ये त्यावर लेख आला, तो तुला नक्की वाचायला हवा. त्यामागे फ्रान्सिस्को व्हारेला आहेत, चिलीचे बायोलॉजिस्ट, पॅरिसमध्ये काम करायचे. १९९६ मध्ये त्यांनी न्यूरोफेनॉमेनॉलॉजी हे नाव देऊन प्रस्ताव मांडला की दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना दुरुस्त करू देत, कोणी कोणाचा नोकर नको. त्यांच्या गटाचा २००२ चा प्रयोग तुला कामाच्या दृष्टीने आवडेल. लपलेली आकृती दिसली की बटण दाबायचं, आणि दर वेळी त्या आधी मन तयार होतं की भरकटलेलं हे सांगायचं, आणि तयारीचे हे प्रकार भाग घेणाऱ्यांनीच सरावातून ठरवलेले. त्या प्रकारांनुसार ईईजी लावला तर एरवी निरर्थक गडबड (नॉइज) म्हणून फेकून दिला असता अशा फरकात पॅटर्न दिसला. पण माणसं फक्त चार होती हेही लक्षात ठेव. आणि फिट काही मिनिटं आधी ईईजीवरून ओळखता येईल अशी जी आशा त्याच गटाने १९९८ च्या आसपास जागवली होती ती नंतरच्या कडक तपासण्यांत बरीच पातळ झाली. उत्साहात हे विसरू नकोस.

आता प्रॅक्टिकल. आणि हे फक्त तुझ्यासाठी नाही, फिजिओथेरपी, नर्सिंग, कौन्सिलिंगमधल्या ज्यांना ज्यांना "पेशंट जे सांगतो त्याचं काय करू" असं वाटतं त्या सगळ्यांसाठी.

सगळ्यात आधी ती वही. मला काळजी वाटली वाचून. पेशंटनी तुला टेक्निशियन म्हणून सांगितलंय, तू ते घरी नेऊन लिहितेस, त्यांना माहीत नाही. नावं लिहिली असशील तर आजच काढ, आणि ही वही रिसर्च म्हणून कुठेही वापरू नकोस, एमएच्या निबंधातसुद्धा नाही. खरंच काम करायचं असेल तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे छोटा प्रस्ताव दे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना मिळतात त्या वाच, पेशंटची लेखी संमती घे, आणि सोबत डॉक्टर लागतीलच. म्हणजे ज्यांनी वहीला नावं ठेवली त्यांच्याकडेच जावं लागणार. त्यांच्यासमोर हुसेर्ल काढू नकोस प्लीज. एका पानावर लिही की फिटच्या आधीची लक्षणं ठरलेल्या पद्धतीने विचारली तर हिस्ट्रीत काय भर पडते हे मला बघायचंय, आणि झेडची केस जोड. डॉक्टर लोकांना केस आवडते.

विचारायची पद्धत शिकायला वेळ लागतो, पण थोडं आत्तापासून जमेल. "फिट येताना काय होतं" असं सगळं मिळून विचारलं की पेशंट डॉक्टरकडून ऐकलेलीच वाक्यं परत देतो. एक ठराविक फिट पकडायची, परवाची, स्वयंपाकघरातली. कुठे उभ्या होतात, हातात काय होतं, मग पहिलं काय बदललं. "का" विचारायचं नाही, का म्हटलं की माणूस कारणं रचायला लागतो. "भीती वाटली का" असं तर अजिबात नाही, तू सुचवलंस की त्याला वाटलेलीच असते. नातेवाइकाने पाहिलेलं वेगळ्या जागी लिहायचं, दोन्ही जुळत नसेल तर जुळवायचं नाही, झेडच्या बाबतीत न जुळणं हाच मुद्दा होता. आणि एक लक्ष्मणरेषा : कुठल्याही पेशंटला "तुम्हाला आधी कळतं ना, मग गाडी चालवायला हरकत नाही" किंवा गोळ्यांबद्दल एक शब्दही तू बोलायचा नाही. ते डॉक्टरांचं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सोडू नकोस, निदान आत्ता नाही. एक तर घर चालायचंय. आणि दुसरं म्हणजे फेनॉमेनॉलॉजीवर पुस्तकं वाचून पीएचडी करणारे पुष्कळ आहेत, पण हजारो पेशंट डोळ्यांसमोरून गेलेत असा माणूस त्या खोलीत बहुधा तू एकटीच असशील. दोन दगडांवर पाय म्हणतेस, पण तुझ्या कामात ते दोन दगड तसे वेगळे नाहीतच, पेस्ट लावणारा हात आणि ऐकणारा कान तुझाच आहे ना! एमए पूर्ण कर, मग दोन्हीला जागा असलेल्या ठिकाणी चौकशी कर : बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि न्यूरोसायन्सच्या संस्थेत जाणिवेच्या अभ्यासाचं केंद्र आहे, त्याच शहरात एनआयएएस या दुसऱ्या संशोधन संस्थेत कॉन्शसनेस स्टडीजचा कार्यक्रम आहे, अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सचं केंद्र आहे. तुझ्या पदवीला कुठे प्रवेश बसतो ते त्यांच्या वेबसाइटवर नीट बघून घे, आणि सरांचा सल्ला 'पूर्णवेळच' असा असला तरी पार्ट-टाइम नोंदणीची चौकशीही करून ठेव.

आणि विषय. मेलच्या शेवटी तू संभाव्य शीर्षक दिलंयस, "मेंदू आणि चैतन्य : एक तात्त्विक चिकित्सा". एवढ्या मोठ्या शीर्षकाखाली तीनशे पानं दुसऱ्यांचं सांगण्यात जातील गं. फिट सुरू व्हायच्या आधीचे काही सेकंद आणि त्यातली काळाची जाणीव, एवढंच घे.